जुन्या होल्स्टरची शिवण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, वसतिगृह, वधूवर-सूचना, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक अशा विषयांवर या व्यासपीठावरून दर वर्षी उद्बोधक विचार मांडले जातात. त्या पंक्तीत पिस्तूल ठेवण्याच्या एका जुन्या चामडी पिशवीने येऊन बसावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आपल्या चिटणिसांनाही ते वाटले असावे. कारण मी विषय कळविल्यावर, 'शीर्षक लिहिण्यात काही गफलत तर झाली नाही ना?' अशी विचारणा त्यांनी अत्यंत सौजन्याने केली. गफलत झालेली नव्हती. ज्या ज्ञातीचे नावच घोड्याच्या जीनावरून पडले, तिच्या संमेलनात चामड्याच्या एका वस्तूविषयी तासभर बोलणे अप्रस्तुत आहे असे मला वाटत नाही. फारसीतील 'झीन' म्हणजे खोगीर आणि 'गर' म्हणजे करणारा; जीनगर म्हणजे खोगीर करणारा. पुढे आपल्या पूर्वजांनी म्याने केली, पुस्तके बांधली, लाकूड कोरले, चित्रे रंगविली, गणपतीच्या मूर्ती घडविल्या. परंतु नाव राहिले ते जीनाचेच.

ज्या पिशवीविषयी मी बोलणार आहे, तिला इंग्रजीवरून आपण सारेच होल्स्टर म्हणतो. आज ती कमरेच्या पट्ट्याला लटकलेली दिसते म्हणून ती कमरेचीच वस्तू, असा आपला समज होतो. वास्तविक होल्स्टर मूळचे खोगिराचे. घोडेस्वाराची पिस्तुले लांब आणि जड असत. ती अंगावर वागविणे दुर्घट, म्हणून खोगिराच्या पुढील उंचवट्याच्या दोन्ही अंगांना चामड्याच्या दोन नळ्या बांधीत आणि त्यांत ती ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर प्रचारात आले आणि होल्स्टर घोड्यावरून उतरून माणसाच्या कमरेला आले. अर्थात खोगीर करणाऱ्याच्या हाताखालचेच हे काम होते.

कमरेच्या ज्या पट्ट्याला ते अडकविले जाई, त्याचा इतिहासही आपल्याच देशात घडलेला आहे. सॅम ब्राउन हा दुसऱ्या पंजाब अश्वदलाचा कप्तान. १८५८ च्या ऑगस्टअखेर रोहिलखंडातील एका चकमकीत तलवारीच्या घावाने त्याचा डावा हात गेला. तलवार उपसताना डाव्या हाताने म्यान धरावे लागते; तो हातच नाही, तेव्हा म्यान जागच्या जागी राहावे म्हणून कमरपट्ट्याला खांद्यावरून तिरप्या पट्टीचा आधार देण्याची युक्ती त्याने काढली, असे सांगतात. तो पट्टा त्याच्याच नावाने जगभरच्या सैन्यांत पसरला, आणि एका बाजूला तलवार तर दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर ही त्याची रचना रूढ झाली. आपल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात तो पट्टा आजही आढळतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येतो. आपल्या समाजातील एका कुटुंबाच्या शिसवी पेटीत, जुन्या पागोट्याच्या कापडात गुंडाळलेले, असे एक होल्स्टर गेल्या वर्षी निघाले. रंग तपकिरी, काठांशी जवळजवळ काळा. वर झाकणाची पाकळी, ती बंद करण्यास पितळेची एक गोल गाठ, मागे पट्टा ओवण्याची जागा. झाकणाच्या आतील अंगास ठसा आहे. करणाऱ्या कारखान्याचे नाव झिजून गेले आहे. मात्र १९१६ हे साल आणि सरकारी मालावर मारीत ते बाणाचे चिन्ह, ही दोन्ही तिरप्या उजेडात स्वच्छ वाचता येतात. आकारावरून ते वेब्ली जातीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरचे असावे. त्या मालिकेतील सहावा नमुना १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारला. त्याची नळीच सहा इंचांची आणि वजन एक किलोहून अधिक. एवढे लोखंड रोज कमरेला वागवायचे म्हणजे चामडे आणि शिवण दोन्ही खंबीर हवीत.

या कुटुंबातील पणजोबा पुण्याच्या छावणीत खोगीर-सामानाच्या दुरुस्तीचे काम करीत. होल्स्टर त्यांच्याकडे कसे आले, याविषयी घरात दोन कथा आहेत. थोरल्या शाखेत सांगतात की, कामावर खूष होऊन एका साहेबाने ते बक्षीस दिले. धाकट्या शाखेत सांगतात की, साहेबाने ते दुरुस्तीस टाकले, त्याची पलटण मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेली आणि तो ते न्यायला परत आलाच नाही. दोन्हींपैकी खरी कोणती, याचा निवाडा करण्याचे साधन आज उपलब्ध नाही. मी त्या मंडळींना एवढेच सुचविले की, दोन्ही कथा, त्या कोणी कोणास सांगितल्या हे नमूद करून, जशाच्या तशा लिहून ठेवाव्यात. आवडती कथा ठेवून दुसरी गाळू नये.

परंतु तिसरी एक साक्ष त्या वस्तूच्या अंगावरच आहे, आणि ती मला दोन्ही कथांहून मोलाची वाटते. होल्स्टरच्या कडेची मूळ शिवण यंत्राची आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा वरच राहतो, खालचा खाली, आणि दोन्ही एकमेकांस चामड्याच्या पोटात अडकवितात. त्यामुळे एक दोरा झिजून तुटला की शिवण पुढेही सुटत जाते. या होल्स्टरचे तळाकडील तोंड, जेथे नळीचे टोक घासते, तेथे ती तशी सुटली होती. तेथे सुमारे तीन इंच अंतर कोणी तरी पुन्हा शिवले आहे, आणि ते हाताने शिवले आहे. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन दाभणे, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही दाभणे परस्परविरुद्ध दिशांनी काढलेली: खोगीर शिवणाऱ्याचा तो दुहेरी टाका. या टाक्यात एका अंगाचा दोरा तुटला तरी दुसऱ्या अंगाचा शिवण धरून ठेवतो. मूळ यंत्राची भोकेच पुन्हा वापरलेली आहेत. चामड्याला एकही नवे भोक पाडलेले नाही. जुन्या भोकात आरी सरळ घालून चामडे न फाडता टाका ओढणे किती अवघड, हे ज्यांनी घरात वडीलधाऱ्यांना काम करताना पाहिले असेल त्यांस सांगावयास नको. शेवटचे दोन टाके मागे घेऊन दोरा आत दडविला आहे. शंभर वर्षे झाली, ते तीन इंच अद्याप हललेले नाहीत. यंत्राची उरलेली शिवण मात्र जागोजाग विरली आहे.

हे काम पणजोबांचेच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ज्याचा व्यवसाय खोगीर-दुरुस्तीचा, त्याच्याच घरातून ती वस्तू निघाली आणि तिच्यावरची दुरुस्ती खोगीर-कामाच्या टाक्याची आहे, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या कुळातील त्या पिढीची अक्षरे किती घरांत शिल्लक आहेत? पुष्कळांना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांची सही म्हणून दाखविता येईल असे काही असेल, तर ते अशा टाक्यांतच आहे.

आणि नेमकी तीच सही पुसली जाण्याची वेळ आली होती. घरातील एक होतकरू तरुण, अत्यंत सद्हेतूने, ते होल्स्टर 'नवे करून' बैठकीत काचेच्या पेटीत मांडावे अशा विचारात होता. शहरातील एका दुकानदाराने त्याला सांगितले की, सर्व शिवण उसवून यंत्राने पुन्हा मारू, तेल पाजून चामडे मऊ करू, वर पॉलिश चढवू आणि पितळ लखलखीत करू. जुन्या वस्तूंच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याने ते विकतच मागितले. मात्र 'मध्ये गावठी दुरुस्ती झाल्यामुळे' किंमत कमी पडेल असेही ऐकविले. व्यापाऱ्यावर रागावण्याचे कारण नाही. ज्याला १९१६ चा कारखान्यातील माल हवा आहे, त्याच्या दृष्टीने ते तीन इंच म्हणजे वैगुण्यच. प्रश्न आपला आहे. आपण ती वस्तू कोणाच्या डोळ्यांनी पाहणार? व्यापाऱ्याच्या वहीत ज्या गोष्टीमुळे किंमत उतरते, तिच्याचमुळे कुटुंबाच्या वहीत ती चढते, असे मी त्या तरुणास म्हणालो. सुदैवाने विचारणा करण्यासाठी तो आधी आला होता, आणि वस्तू अजून दुकानात गेलेली नव्हती.

येथे एक नाजूक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच घरातील एका वृद्ध आत्याबाईंचे म्हणणे निराळेच होते. 'चामड्याची ती वस्तू बाहेर मांडू नका. लोक काय म्हणतील?' असे त्या म्हणाल्या. त्या वाक्यावर हसू नये. ज्या समाजात कातड्याला हात लावणाऱ्याची पायरी त्या कातड्यावरून ठरविली जात होती, त्या समाजात आपल्या एक-दोन पिढ्यांनी चामड्याशी असलेले नाते शक्य तितके मागे सारले. कोणी सुतारकामात गेले, कोणी छापखान्यात, कोणी सरकारी नोकरीत. घोडा गेला तसा धंदाही गेला. हिंदी घोडदळाच्या पलटणींना १९३८ च्या सुमारापासून घोड्यांऐवजी मोटारी आणि रणगाडे मिळू लागले, आणि खोगीर शिवणाऱ्याचे काम मंदावत गेले. धंदा गेल्याचे दुःख कमी आणि सुटका झाल्याचे समाधान अधिक, असेही काही घरांत झाले असेल. आऱ्या आणि रांप्या भंगारात गेल्या, लाकडी साचे बंबात गेले. त्या पिढीने ज्या परिस्थितीत तसे केले, ती परिस्थिती आपण भोगलेली नाही; म्हणून त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु ती लाज आपण पुढे चालवावी, हे मला मान्य नाही. ज्या हातांनी ते तीन इंच शिवले, त्या हातांत लाजण्यासारखे काय होते? आत्याबाईंनाही मी हेच अदबीने विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही; मात्र थोड्या वेळाने त्यांच्या वडिलांची दोरा ओढण्याची लकब आपण होऊन करून दाखविली, दोन्ही कोपर बाहेर फेकून, पक्ष्याने पंख पसरावे तशी. खोगीर शिवणारा तसाच दोरा ओढतो. घरातील कोणीही ते त्यापूर्वी पाहिलेले नव्हते.

तेव्हा अशी वस्तू राखावयाची कशी, हे आता थोड्या विस्ताराने सांगतो, कारण सद्हेतूने केलेली निगाच चामड्याचा पुष्कळदा घात करते.

प्रथम चामडे म्हणजे काय ते पाहू. जनावराचे कातडे तसेच ठेवले तर कुजते. चुन्याच्या पाण्यात घालून त्यावरील केस काढायचे, आणि मग झाडाच्या सालीच्या किंवा फळांच्या कषाय रसात ते मुरवायचे. त्या रसातील टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसते आणि कातड्याचे चामडे होते. यालाच कमावणे म्हणतात. आपल्याकडे बाभळीची साल, दक्षिणेकडे तरवडाची साल, आणि सर्वत्र हिरडा ही त्याची मुख्य द्रव्ये. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यांत दोन कुळे आहेत: बाभूळ-तरवडासारख्या सालींचे एक आणि हिरड्यासारख्या फळांचे दुसरे. पहिल्या कुळातील टॅनिनाने कमावलेले चामडे दणकट होते, परंतु गिरण्या आणि कोळसा यांच्या धुरातील गंधकाचा वायू ते कालांतराने शोषून घेते, त्याचे आम्ल बनते आणि चामडे आतून पोखरले जाते. लंडनच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या चामडी बांधणीचा चुरा होऊ लागला, तेव्हा तेथील एका समितीने याचा कसून शोध घेतला, आणि तिचा अहवाल १९०५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कमावण्याच्या द्रव्यावर चामड्याचे आयुष्य बरेच अवलंबून असते, हा त्यातील एक निष्कर्ष होता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पुस्तकबांधणीचा धंदा होता, त्यांनी हा लाल चुरा बोटांवर घेतलेला असेल.

या रोगाला इंग्रजीत 'रेड रॉट' म्हणतात. आपण तांबडी कूज म्हणू. उसावरील त्याच नावाच्या रोगाशी हिचे काही नाते नाही. तिची ओळख सोपी आहे. पांढऱ्या कापसाचा बोळा चामड्याच्या काठावरून अलगद फिरवावा. त्यावर विटकरी रंगाची पूड आली तर कूज लागली असे समजावे. तशा चामड्याला पाणी लावू नये. पाण्याचा थेंब पडताच तेथे काळा, कडक डाग पडतो आणि तो कायमचा राहतो. ओले फडके, साबण, खोगिराचा म्हणून मिळणारा खास साबण, यांपैकी काहीही अशा चामड्यावर चालविणे म्हणजे ते हाताने मारणे होय. गेलेला कस परत आणणारे औषध अद्याप सापडलेले नाही. सुटणारी पूड धरून ठेवण्यासाठी तज्ज्ञ लोक मद्यार्कात विरघळविलेले विशिष्ट द्रव्य वापरतात. ते काम त्यांच्याचकडून करवून घ्यावे.

दुसरी गोष्ट तेलाची. 'आमचे आजोबा तर चामड्याला नेहमी तेल लावीत', असा आक्षेप येथे हमखास येतो. आजोबा बरोबरच करीत होते. त्यांच्या हातातील चामडे चाकरीत होते. रोज वाकत होते, घाम आणि पाऊस खात होते, त्याला वंगण हवेच. आपल्या पेटीतील चामडे सेवानिवृत्त झालेले आहे, आणि निवृत्त माणसाला चाकरीच्या काळचा खुराक सोसत नाही. पेटीतील चामड्यास पाजलेले तेल हळूहळू हवेने चिकट होते, रंग काळवंडतो, धूळ धरते, आणि शिवणीचा दोरा कुजवते. एके काळी मोठमोठ्या संग्रहालयांतही लॅनोलिन आणि मेणाचे मिश्रण चामड्यावर चोळीत. आज जाणते लोक ते सरसकट करण्यास नकार देतात. तीच गत पॉलिशची.

पितळेच्या गाठीभोवती हिरवा, मेणासारखा थर दिसतो. चामड्यातील चरबी आणि तांबे यांच्या संयोगाने तो होतो. बांबूच्या बोथट काडीने तो हलक्या हाताने काढावा आणि कोरड्या कापसाने टिपावा. पितळ घासण्याची तयार द्रव्ये तेथे मुळीच लावू नयेत. ती चामड्यात उतरतात आणि गाठीभोवती पांढरे कडे राहते. चामड्यावर सर्वत्र पांढुरका थर आला तर तो बुरशीचा की चरबीचा हे आधी पाहावे. बुरशी भिंगाखाली कापसासारखी लोमश दिसते आणि तिला वास असतो. चरबीचा थर किंचित ऊब लागताच विरघळून दिसेनासा होतो. बुरशी असेल तर कोरड्या हवेत, घराबाहेर, तोंडाला फडके बांधून मऊ कुंचल्याने झटकावी. कडक उन्हात मात्र वाळवू नये. गोधडीला जे ऊन मानवते ते चामड्याला मानवत नाही. ते आकसते आणि तडकते.

बुरशी येऊच न देणे हा खरा उपाय, आणि येथे आपला पावसाळा हा मुख्य शत्रू. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ४५ ते ६० च्या दरम्यान राहिली तर चामडे सुखी असते. ६५ च्या वर ती दीर्घ काळ राहिली की बुरशीला आमंत्रण. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात ती ८० च्याही वर जाते. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, जमिनीलगत, लोखंडी ट्रंकेत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत अशी वस्तू कोंडून ठेवू नये. धुऊन खळ काढलेले, रंग न दिलेले मांजरपाटाचे कापड घ्यावे. त्याच कापडाची सैल गुंडाळी करून होल्स्टरच्या पोटात भरावी, म्हणजे त्याचा मूळ घाट कायम राहतो. फार ठासून भरले तर शिवण ताणते. झाकण असेल त्या स्थितीत राहू द्यावे. या होल्स्टरचे झाकण अर्धवट उघडे राहिलेले आहे. ते नीट बंद करून दाखविण्याचा मोह प्रत्येक पाहुण्याला होतो, आणि प्रत्येक वेळी मागच्या घडीवरील चीर कणभर वाढते. वस्तू उचलावी ती दोन्ही हातांनी खालून, झाकणाला धरून नव्हे. पावसाळ्यात दर पंधरवड्याने, उघडीप असेल त्या दिवशी, पेटी उघडून पाहावी. डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटीत ठेवायचा झाला तरी चामड्याला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये.

होल्स्टरबरोबर एखाद्या घरात शस्त्रही सापडेल, असे नाही म्हणता येत नाही. त्या बाबतीत स्पष्ट सांगतो. चामडी पिशवी हे शस्त्र नव्हे, ती ठेवण्यास परवाना लागत नाही. रिव्हॉल्व्हर वा काडतुसे निघाली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. 'आजोबांची आठवण' म्हणून ती दडवू नयेत, पोलीस ठाण्यात रीतसर कळवावे. परवाना असलेले शस्त्रही जुन्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायम ठेवणे शहाणपणाचे नाही. चामडे ओल धरते, त्यात आम्ल असते, आणि पोलादावर गंज चढतो. गंजाचा डाग उलट चामड्यातही उतरतो, म्हणजे नुकसान दोघांचे. तसेच, शंभर वर्षांवरील कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. परदेशातील एखाद्या गिऱ्हाइकाने मोठी रक्कम देऊ केली तर हे ध्यानात असावे.

वस्तूइतकीच तिची नोंद महत्त्वाची. नोंद नसेल तर दोन पिढ्यांनंतर त्या शिवणीचा अर्थ सांगणारा कोणी उरणार नाही, आणि मग दुसरा एखादा दुकानदार ती उसवील. कागदावर शिसपेन्सिलीने लिहावे: वस्तू कोणती, लांबी-रुंदी किती, ठसा काय, दुरुस्ती कोठे, ती कोणाकडून कोणाकडे आली, आणि घरातील वृद्धांचे तिच्याविषयीचे म्हणणे काय. चामड्यावर शाईने काहीही लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून पुढून, मागून, आतून छायाचित्रे घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. वृद्धांचा आवाज आणि शक्य तर हातांची हालचालही त्यात टिपून ठेवावी. आत्याबाईंची ती लकब आता त्या कुटुंबाने टिपून ठेवली आहे. माझ्या मते होल्स्टरच्या नोंदीतील तेच सर्वांत मौल्यवान पान आहे.

ज्यांना घरी सांभाळणे शक्य नाही त्यांनी संग्रहालयाचा विचार करावा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नित्याच्या वापरातील वस्तूही जतन करण्यायोग्य असतात, हे त्याने महाराष्ट्राला दाखवून दिले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात वस्तुजतनाचे स्वतंत्र केंद्र आहे, तेथे सल्ला मागता येतो. मात्र संग्रहालयाला वस्तू देताना नोंदीसह द्यावी. नुसते होल्स्टर दिले तर ते एका अज्ञात ब्रिटिश अधिकाऱ्याचे होल्स्टर म्हणून नोंदले जाईल. नोंद दिली तर ज्याने ते शिवले, त्याचेही नाव शेजारी येईल.

आता मंडळास एक विनंती. आपल्या सभासद-कुटुंबांत आऱ्या, रांप्या, दाभणे, साचे, खोगिराचे तुकडे, म्याने, बांधणीच्या पुस्तकांचे पुठ्ठे, जे काही उरले असेल, त्याची एक यादी पुढील स्मरणिकेपूर्वी तयार व्हावी. वस्तू मंडळाने ताब्यात घेण्याचे कारण नाही; त्या ज्यांच्या त्यांच्या घरीच राहाव्यात. वस्तूचे नाव, घराचे नाव आणि दोन ओळींची हकीकत एवढेच पुरे. अशा यादीसाठी चार तरुण आणि चार वृद्ध यांची समिती नेमावी. त्यात वृद्ध स्त्रिया असाव्यात असा माझा आग्रह आहे, कारण पेटीत काय आहे ते बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

ज्या होल्स्टरविषयी मी बोललो, ते कुटुंबाच्या अनुमतीने शेजारच्या खोलीत मांजरपाटावर मांडून ठेवले आहे. जवळ भिंग आहे. तळाकडील ते तीन इंच डावीकडून पाहावेत, म्हणजे टाक्यांचा तिरपेपणा दिसतो. हात लावू नये, आणि झाकण बंद करण्याचा प्रयत्न तर कोणीच करू नये.